उत्प्रेरकाला पेलणारा पृष्ठभाग

मोताळा तालुक्यातील कपाशीला आणि मक्याला शेतकरी जो युरिया देतात, त्याच्या वजनात सुमारे ४६ टक्के नायट्रोजन असतो. हा नायट्रोजन हवेतून घेतला जातो. परंतु त्याचा अमोनिया करण्यासाठी लागणारा हायड्रोजन, अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्ससारख्या कारखान्यांत, नैसर्गिक वायूतील मिथेन आणि वाफ यांच्या अभिक्रियेतून मिळवावा लागतो. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला चालणाऱ्या या अभिक्रियेत निकेल हा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, असतो. एवढ्या उष्णतेत निकेलचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात व निकामी ठरतात, म्हणून ते एखाद्या उष्णतासह ऑक्साइडवर पसरवतात. या ऑक्साइडला आधारद्रव्य म्हणतात.

आधारद्रव्याचे काम कण नुसते धरून ठेवण्याचे आहे, ही समजूत आता टिकत नाही. ऑक्साइडच्या स्फटिकात आतल्या प्रत्येक धातुआयनाभोवती ऑक्सिजनचे शेजारी ठरावीक संख्येने असतात; पृष्ठभागावर मात्र स्फटिकाची रचना खंडित झाल्याने काही शेजारी उणे पडतात आणि असा अपुरा वेढलेला आयन बाहेरच्या अणूला घट्ट धरतो. गॅमा-अ‍ॅल्युमिनावर ऑक्सिजनचे पाचच शेजारी असलेले अ‍ॅल्युमिनिअमचे आयन प्लॅटिनमला जखडून ठेवतात, हे २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या संशोधनाने दाखवले. ही स्थाने पाण्यापासून आलेल्या हायड्रॉक्सिल गटांखाली झाकलेली असतात आणि तापवल्यावर उघडी पडतात. त्यामुळे भाजण्याचे तापमान बदलले, की रासायनिक घटक तेच राहूनही उत्प्रेरकाचा गुण बदलतो.

गॅमा-अ‍ॅल्युमिना इतकी सच्छिद्र असते, की तिच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ १०० ते ३०० चौरस मीटर भरते. तरीही हायड्रोजन मिळवण्याच्या भट्टीत ती उपयोगी पडत नाही, कारण तीव्र उष्णतेत तिची छिद्रे मिटत जातात आणि निकेल तिच्यात शिरून निकेल अ‍ॅल्युमिनेट हे सहजासहजी न सुटणारे संयुग तयार होते. तेथे कमी पृष्ठफळाची पण स्थिर अशी अल्फा-अ‍ॅल्युमिना किंवा मॅग्नेशिअम अ‍ॅल्युमिनेट वापरतात.

मोटारींचा धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणातील सिरिया, म्हणजे सिरिअमचे ऑक्साइड, गरजेनुसार ऑक्सिजन देते आणि परत घेते. तिच्या अतिसूक्ष्म दांड्यांवर उघडी असलेली स्फटिकप्रतले अष्टफलकी कणांवरील प्रतलांपेक्षा ऑक्सिजन सहज सोडतात, म्हणजे कणाचा आकारही येथे कार्यक्षमता ठरवतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकशास्त्राच्या संशोधनाची दीर्घ परंपरा आहे. खतनिर्मितीत खर्ची पडणारा वायू वाचवायचा असेल, तर धातूइतकेच लक्ष त्याला पेलणाऱ्या ऑक्साइडच्या पृष्ठभागाकडेही दिले पाहिजे, आणि आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे आवर्जून वळले पाहिजे.