तारेवरची हजेरी

वाशी स्टेशनात लोकलची वाट बघताना डोक्यावर काय आहे, हे फारसं कुणी बघत नाही. वर इंटरनॅशनल इन्फोटेक पार्क आहे. १९९१ साली स्थापन झालेल्या एसटीपीआय, म्हणजे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या सरकारी संस्थेने नवी मुंबईतलं आपलं बस्तान तिथेच बसवलं. नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर कंपन्यांना उपग्रहामार्गे परदेशाशी जोडून देणं, हे या संस्थेचं मोठं काम. खाली पनवेल लोकल, वर डेटा!

पण लाइन मिळाली म्हणजे संभाषण झालं असं नाही. दोन्ही टोकांच्या यंत्रांना एकच भाषा यावी लागते. या बाबतीत पक्कं बहुभाषिक यंत्र म्हणजे आयबीएमचं एएस/४००. पीसीचा थोरला भाऊ, मेनफ्रेमचा धाकटा. २१ जून १९८८ रोजी ते जगापुढे आलं, तेव्हा आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळून दहा वर्षं झाली होती. कंपनी परतली ती १९९२ मध्ये, टाटांचा हात धरून. बायसिंक, एसडीएलसी, एक्स.२५, पुढे फ्रेम रिले, पीपीपी... एएस/४००ला सगळं कळायचं.

पाच एक झाले? शून्य घाला!
एसडीएलसीत प्रत्येक निरोपाच्या आगेमागे ०११११११० अशी खूण असते. मधे सहा एक, दोन्ही टोकांना शून्य. मग खुद्द निरोपातच लागोपाठ सहा एक आले तर? पाठवणारं यंत्र पाच एक झाले की मुकाट्याने एक शून्य घुसडतं, घेणारं यंत्र तितक्याच मुकाट्याने ते काढून टाकतं. हीच खूण पुढे एक्स.२५ने उचलली, पीपीपीनेही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांना खुलं केलं. त्यानंतर ज्यांच्या घरी मोडेम किंचाळले आणि पीपीपीने जोडले गेले, त्यांच्या फोनच्या तारेतून हेच सहा एक धावले.

हजर? हजर!
माझ्या मते सगळ्यात मजेशीर प्रकार पोलिंगचा. एकाच लाइनीवर चार-पाच शाखांची यंत्रं टांगलेली असली, तर कुणीही मधेच बोलायचं नाही. मुख्य यंत्र वर्गशिक्षकासारखं एकेकाचा नंबर पुकारणार : काही सांगायचंय? नाही. पुढचा! जमिनीवरच्या तारेत हे छान चालतं. गोची होते उपग्रहावर. भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर, त्यामुळे एक प्रश्न आणि त्याचं उत्तर यांत सुमारे अर्धा सेकंद जातो. दर हजेरीला अर्धा सेकंद! मग उपग्रहाशी बोलणाऱ्या छत्रीजवळच्या डब्यालाच शहाणं केलं. मुख्य यंत्राजवळचा डबा शाखांच्या वतीने तिथल्या तिथे ‘हजर’ म्हणतो, शाखेकडचा डबा मुख्य यंत्राच्या वतीने हजेरी घेतो, आणि खरा निरोप असला तरच तो वर आकाशात जातो. कॉलेजातली प्रॉक्सी, पण इथे ती अधिकृत.

उपग्रहाची आणखी एक गंमत. बँकांसाठीचं इन्फिनेट हे व्हीसॅटचं, म्हणजे छोट्या छत्र्यांचं जाळं १९९९ मध्ये सुरू झालं, त्याचं केंद्र हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेत होतं. अशा केंद्रवर्ती जाळ्यात एका छत्रीचा निरोप दुसरीला थेट मिळत नाही. तो वर जातो, केंद्रात उतरतो, पुन्हा वर जातो, पुन्हा उतरतो. बेलापूर ते फोर्ट हे अंतर हिशेबाने सुमारे १,४४,००० किलोमीटर पडतं. सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकपेक्षा तरी लवकर पोचतं म्हणा!

चारशे चार सापडलं
वेबवर ४०४ म्हणजे ‘पान सापडलं नाही’. पण एक्स.२५च्या जागतिक क्रमांकयोजनेत ४०४ म्हणजे भारत. पत्ता जास्तीत जास्त १४ अंकी, आणि पहिले तीन अंक देशाचे. मोबाइल आले तेव्हा देशांचे हेच क्रमांक तिकडे वापरले गेले, म्हणून आजही भारतीय सिमकार्डातली ओळखसंख्या ४०४ किंवा ४०५ने सुरू होते.

नंतर एटीएम नावाचं तंत्र आलं. पैसे देणारं नव्हे. त्यात डेटाचा तुकडा केवढा असावा यावर युरोप म्हणे ३२ बाइट, अमेरिका म्हणे ६४. शेवटी ठरले ४८. इंजिनिअरिंग कसलं, सरळ भाजीबाजारातली घासाघीस.

एएस/४००चा एक हट्ट मात्र कायम : अक्षरं मुळात एब्सिडिक या संकेतात. त्यात अक्षरं आधी, अंक नंतर. पीसीच्या आस्की संकेतात नेमकं उलट. त्यामुळे एकाच यादीचा क्रम दोन यंत्रांवर दोन प्रकारे लागू शकतो, आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो की नावं हलली कशी.

एएस/४००चा वारस आज ‘आयबीएम आय’ या नावाने चालतो. आयबीएमच्या जुन्या एसएनए पद्धतीचा संवाद त्यावर आजही आयपीच्या पाकिटात घालून पाठवता येतो. आणि पीपीपी? घरच्या राउटरचं सेटिंग उघडून बघा. तिथे पीपीपीओई असं दिसलं, तर ते तुमच्या घरीही अजून नोकरीत आहे.