जातं, मोबाइल आणि अनोळखी माणूस

जिंतूरजवळ येलदरीला पूर्णा नदी धरणानं अडवली, पायथ्याला वीजघर झालं. वीज गावोगाव पोचली तशा पिठाच्या गिरण्या आल्या आणि जात्यांची पहाटेची घरघर थांबली. बायकांच्या दंडांना केवढा आराम मिळाला! पण मनातलं बोलायची एक हक्काची जागाही गेली. सासूसमोर ‘हो’पलीकडे शब्द न काढणारी सून अंधारात जात्याचा खुंटा धरला की सासुरवास, माहेर, भाऊ, सगळं ओवीत ओतायची. सासू भिंतीपलीकडेच. ऐकू तिलाही जायचं, पण जात्याला सांगितलेल्या गोष्टीचा जाब विचारणार कसा? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी उभ्या केलेल्या संग्रहात अशा लाखावर ओव्या आहेत. लाखावर! आणि याच बायकांना आपण अबोल म्हणत आलो.

जात्याचा हा आडोसा आज इंटरनेटवर मिळतो का, हे पाहायला आता न्यूयॉर्कला जाऊ. 2002 साली मानसशास्त्रज्ञ जॉन बार्ग, केटलिन मॅकेना आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांकडून दोन याद्या करून घेतल्या: चारचौघांत दिसणारे आपले गुण, आणि अंगी असूनही दाखवता न येणारे गुण. मग काहींना अनोळखी माणसाशी समोरासमोर बोलायला लावलं, काहींना इंटरनेटवर. नंतर पडद्यावर एकेक शब्द दाखवून विचारलं, ‘हा तू आहेस का?’ समोरासमोर बोललेल्यांनी पहिल्या यादीतले शब्द चटकन ओळखले. इंटरनेटवर बोललेल्यांनी दुसऱ्या यादीतले. झाकलेलं मन म्हणजे नुसती कविकल्पना नाही, घड्याळ लावून त्याची चाहूल घेता येते!

ही किमया यंत्राची म्हणावी, तर मानसशास्त्रज्ञ अॅडम जॉइन्सन यांनी 2001 मध्ये वेगळंच दाखवलं होतं. संगणकावर बोलणाऱ्यांना कॅमेऱ्यातून एकमेकांचे चेहरे दिसू लागले, आणि त्यांचं मोकळेपण आटलं. जीभ धरून ठेवते ती समोरच्याची नजर.

पण या आडोशातून बाहेर येतं ते सगळं गोड थोडंच असतं? शिवीगाळही तिथूनच येते. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये या दोन्ही बाजू मांडल्या, आणि मुखवटा काढला की आत ‘खरा’ माणूस सापडतो ही समजूतच त्यांनी नाकारली. जागा बदलली की माणसातलं वेगळं काही पुढे येतं, एवढंच. मला हे पटतं. ओवीत सासूला बोल लावणारी आणि दुपारी तिचेच पाय चेपणारी, दोघी खऱ्याच की!

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे पाहिलं की मुद्दा आणखी उघडतो. तो ऑनलाइन असला तरी तिथे काका आहेत, मास्तर आहेत, सरपंच आहेत, ती चावडीच. म्हणून सुप्रभात, वाढदिवस, कापसाचा भाव, श्रद्धांजली. आपलं लग्न जमत नाही हे तिथे कोण लिहील? ते लिहिलं जातं रात्री, टोपणनावाच्या खात्यावरून, कुठल्या तरी अनोळखी माणसाला, ज्याची गाठ जिंतूरच्या बाजारात कधीच पडणार नाही.