आठ रविवार, अठ्ठावीस सामने

एप्रिल उजाडला की कल्याणपलीकडच्या पट्ट्यात विजेच्या खांबांवर चषकांचे फलक चढतात. वर पुढाऱ्याचा फोटो, खाली बक्षिसांच्या रकमा, कोपऱ्यात मालिकावीराला मिळणारी मोटारसायकल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडे चित्र तेच. फलकावर जे छापलेलं नसतं ते मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्याच्या वहीत असतं: कोण कोणाशी, कोणत्या दिवशी, किती वाजता भिडणार. वर्तमानपत्रं त्याला भाग्यपत्रिका म्हणतात, मैदानावर ‘लॉट्स’ म्हणतात. टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा वाजतगाजत पार पडणार की भांडणात बुडणार, हे बरंचसं या कागदावर ठरतं.

गावकीच्या स्पर्धांचा कागद आधी पाहू. चार-चार षटकांचे दोन डाव, मधली पळापळ धरून पाऊण तास. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, जेवणाची एक तास सुट्टी सोडली तर दिवसाला १२ सामने बसतात. बाद पद्धतीत ३२ संघांना ३१ सामने लागतात. प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो आणि शेवटी एकच उरतो. संघ २७ आले तर ५ जणांना पहिल्या फेरीत ‘बाय’ द्यायचा, उरलेल्या २२ जणांनी ११ सामने खेळायचे, की दुसऱ्या फेरीत बरोबर १६ उरतात. या हिशेबाने ३२ संघांची स्पर्धा तीन दिवसांत आटोपायला हवी.

पण जाणता आयोजक पाच दिवस घेतो. रोज ८ संघ बोलवायचे, ७ सामन्यांत त्या दिवसाचा विजेता काढायचा आणि चार दिवसांचे चार विजेते पाचव्या दिवशी आणायचे. एकूण सामने तेवढेच, ३१. फरक असा की नेरळ-वांगणीकडून टेम्पो करून येणाऱ्या पोरांना एकाच दिवसाची रजा टाकावी लागते. जिंकले तरच दुसरी. रोज संध्याकाळी कोणीतरी जिंकलेलं असतं, त्यामुळे रोज गर्दी असते आणि ज्याच्या फोटोचा फलक लागलाय त्यालाही रोज हार घालायला यायला कारण मिळतं. मला ही रचना फार हुशार वाटते. तिचा दोषही उघड आहे: दोन तगडे संघ एकाच दिवशी पडले तर एक दुपारीच बाहेर. म्हणून चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, शक्यतो लहान पोराच्या हातून काढायच्या आणि त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा.

बदलापूर आणि अंबरनाथमधल्या नव्या गृहसंकुलांचं गणित निराळं. इथला खेळाडू आठवड्याचे पाच-सहा दिवस लोकलमध्ये घालवतो. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर साधारण ६८ किलोमीटर आहे. संकुलाच्या लीगसाठी झालेल्या खेळाडूंच्या लिलावात निवडला जाऊन नवी जर्सी अंगावर चढवलेला हा माणूस एका सामन्यात बाद व्हायला तयार नसतो. त्याला साखळी हवी. ८ संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एकदा सामना, म्हणजे २८ सामने. दर रविवारी ४ धरले की सात रविवार, आणि उपांत्य-अंतिमसाठी आठवा.

या सात फेऱ्या मांडायची युक्ती जुनी आहे. एक संघ जागेवर खिळवून ठेवायचा, बाकीचे सात त्याच्याभोवती एकेक घर सरकवायचे आणि समोरासमोर आलेल्यांची जोडी लावायची. सात वेळा सरकवलं की सगळ्या जोड्या एकदाच येऊन जातात. तिचं श्रेय बहुधा थॉमस किर्कमन या इंग्लिश धर्मगुरूला देतात. त्याचा १८४७ सालचा लेख याच घराण्यातल्या प्रश्नावर होता. संघ ७ असतील तर खिळवलेल्या जागी कोणीच नाही असं समजायचं. त्याच्यासमोर जो येईल त्याला त्या रविवारी सुट्टी. कागदावर हे दहा मिनिटांचं काम आहे.

अडतं ते पंचांगापाशी. उल्हासनगरात चेटीचंडच्या दिवशी सामना ठेवणारा आयोजक गावाबाहेरचाच असणार. हे शहर फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचं, आणि चेटीचंड येतो गुढीपाडव्याच्या आगेमागे, नेमका मोसम सुरू व्हायच्या वेळी. पुढे रामनवमी, हनुमान जयंती, १४ एप्रिल, गावोगावच्या जत्रा. मग लग्नसराई. आगरी गावात लग्नापेक्षा हळद जड. ज्या रात्री हळद, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या गावाचे अकरा गडी मैदानात उभे राहतील ही अपेक्षाच चूक. म्हणून गावातला अनुभवी माणूस चिठ्ठ्या काढण्याआधी लग्नपत्रिका गोळा करतो. रविवारचा रेल्वेचा मेगाब्लॉक असतोच, आणि रात्रीचे सामने ठेवावेत तर ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो. समालोचकाशिवाय टेनिस क्रिकेट म्हणजे निम्मी मजा गेली.

निवडणूक आली की तारखांबरोबर चषकाचं नावही अडकतं. २०२४ ची लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि उन्हाळा संपेपर्यंत राहिली. अंबरनाथ-उल्हासनगर कल्याण मतदारसंघात, बदलापूर भिवंडीत, आणि दोन्हीकडे मतदान २० मे रोजी.

सगळ्यात मोठी भिंत पावसाची. हवामान खात्याच्या हिशेबाने मान्सून मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ साली ६ एप्रिल ते २५ मे असे बरोबर आठ रविवार मिळत होते, पहिलाच रामनवमीचा. मान्सून मुंबईत आला २६ मेला, आणि त्याआधीच अवकाळी सरींनी मैदानांचा चिखल केला होता. एकही राखीव दिवस न ठेवता आखलेला मोसम अशा वर्षी उघडा पडतो. मुंबईची कांगा लीग याच्या अगदी उलट्या विचारावर उभी राहिली. १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा पावसाळ्यातच खेळायची म्हणून काढली गेली, त्यामुळे धुऊन गेलेला सामना तिथे अपवाद समजला जात नाही. आपल्या उन्हाळी लीगवाल्यांनी तिच्याकडून निदान गुण वाटून घेण्याचा नियम आधीच लिहून ठेवायला शिकावं.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचं वेळापत्रक दोन दशकांहून अधिक काळ हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे जोडपं आखत असे. त्यांच्या पुढ्यात विमानप्रवास आणि डझनांनी स्टेडियम असत. बदलापूरच्या वहीवाल्यापुढे मैदान एकच, आणि प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. रविवारचे चार सामने सात, साडेआठ, दहा आणि साडेअकरा या वेळांना लावले तर साडेअकराच्या सामन्याला कोणीच हौसेने येत नाही. सात रविवारांत साडेअकराला सात सामने, म्हणजे १४ संघ उभे करायचे, आणि संघ आहेत ८. सहा संघांना ते ऊन दोनदा खावं लागणार, दोघांना एकदाच. यापेक्षा समान वाटप अंकगणितात बसत नाही. चारपैकी कोणत्याही एका वेळेच्या सामन्यात कोणताही संघ दोनपेक्षा जास्त वेळा येऊ नये अशी मांडणी मात्र ८ संघांना जमते. १९७७ साली गणितज्ञांनी सिद्ध केलं की ४ संघांचा अपवाद सोडला तर कोणत्याही सम संख्येला ती जमते. चारांना का जमत नाही, हे एखाद्या दुपारी वहीत करून पाहावं. दहा मिनिटांत पटतं.

ते दोन नशीबवान संघ कोणते, हे गणित सांगत नाही. ते चिठ्ठीनेच काढावं लागतं, आणि आयोजकाच्या स्वतःच्या संघाची चिठ्ठी त्यात टाकायची नाही, असा दंडक शहाणी मंडळं पाळतात. त्यांचा संघ दोनदा साडेअकराला खेळतो, आणि उरलेला मोसम वेळेवरून कोणी वाद काढत नाही.