अवतरण आणि प्रतिपाद्य : समीक्षालेखनातील पुराव्याचा विचार

समीक्षात्मक निबंधात अवतरणाला पुराव्याचे स्थान असते. मात्र अवतरण दिले म्हणजे प्रतिपाद्य सिद्ध झाले, असा समज संशोधनपर लेखनात वारंवार आढळतो. आधी विधान, मग 'लेखक म्हणतो' हे शब्द, त्यानंतर उतारा आणि लगेच पुढचा मुद्दा, अशी ही मांडणी असते. तीत निबंधकार स्वतः काहीच सांगत नाही. वस्तुतः उतारा हे केवळ साधन होय. त्याचे विश्लेषण हाच खरा युक्तिवाद असतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. 'ही जीवनाच्या निरर्थकतेची कादंबरी आहे' असे प्रतिपाद्य घेऊन लिहिणाऱ्या अभ्यासकाला वैफल्य व्यक्त करणारी वाक्ये तीत सहज सापडतात. ती उद्धृत करून 'नेमाडे यांना जीवन निरर्थक वाटते' असा निष्कर्ष काढला की पहिली चूक घडते. ही वाक्ये लेखकाची नसून पांडुरंग सांगवीकर या पंचवीस वर्षांच्या निवेदकाची आहेत. पुण्यातील शिक्षणात अपयशी ठरून खानदेशातील आपल्या गावी परतलेला हा तरुण मागे वळून बोलत आहे. म्हणून कोण, कोणत्या क्षणी आणि कोणत्या अंतरावरून बोलतो, हे विश्लेषणात प्रथम निश्चित करावे लागते.

दुसरा प्रश्न स्वराचा आहे. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या शब्दांची निवेदकाला सवय आहे. गंभीर विधानाला हे शब्द जोडले गेले की त्याचा तोल बदलतो. विधान आणि त्याची थट्टा एकाच वाक्यात नांदू लागतात. उताऱ्यातून असे शब्द गाळले, तर उपरोधाच्या जागी सरळ तत्त्वज्ञान उरते. तौलनिक निबंधात सुधाकर मराठे यांच्या 'ककून' (१९९७) या इंग्रजी अनुवादाचा आधार घेतानाही अशा शब्दांसाठी मूळ संहिता तपासणे अगत्याचे ठरते.

तिसरा प्रश्न प्रतिकूल पुराव्याचा आहे. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूनंतरचा पांडुरंगचा शोक हा कादंबरीतील अत्यंत तीव्र भाग आहे. ज्याला सर्वच निरर्थक वाटते, त्याला हा शोक का व्हावा? हा भाग टाळणारा निबंध वरकरणी नीटस दिसेल, पण त्याचा पाया कच्चा राहील. तो विचारात घेतल्यास मूळ प्रतिपाद्य बदलते : 'कोसला'तील निरर्थकतेची जाणीव आस्थेच्या अभावातून नव्हे, तर आस्थेला बसलेल्या आघातातून येते. हे प्रतिपाद्य अधिक मर्यादित असले तरी अधिक टिकाऊ आहे.

आधुनिक कादंबरीत निवेदक आणि स्वर यांचे प्रश्न मुख्य असले, तर प्राचीन वाङ्मयात त्यांच्याआधी पाठाचा प्रश्न येतो. 'ज्ञानेश्वरी'ची रचना शके १२१२ (इ. स. १२९०) मधील मानली जाते, एकनाथांनी तिची पाठशुद्धी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये केली. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये, एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून, वेगळी आवृत्ती प्रसिद्ध केली. तेराव्या शतकातील एखाद्या शब्दरूपाविषयी विधान करणाऱ्याने आवृत्तीचा निर्देश न करता ओवी उद्धृत केली, तर तो पुरावा तेराव्या शतकाचा की नंतरच्या संस्काराचा, हेच वाचकाला ठरवता येत नाही.

सारांश, अवतरण उद्धृत करण्यापूर्वी पाठ, वक्ता, प्रसंग आणि स्वर यांचा निर्णय व्हावा. उद्धृत केल्यानंतर त्यातील नेमका कोणता शब्द प्रतिपाद्याला आधार देतो, हे निबंधकाराने स्वतःच्या वाक्यांत सांगावे. अवतरणे थोडी असली तरी चालतील. परंतु प्रत्येक अवतरणाने प्रतिपाद्याची परीक्षा घ्यावी. तीत ते टिकले नाही, तर बदलायचे असते ते प्रतिपाद्य, साहित्यकृती नव्हे.