तळणीच्या तेलावर धावणारा बंब

दिवाळीचा फराळ करून झाला की कढईच्या तळाशी तांबूस, दाट तेल उरतं. चकल्या, शंकरपाळ्या, करंज्या सगळं तळून ते दमलेलं असतं. पुन्हा वापरायला मन होत नाही, टाकायला हात धजत नाही. बऱ्याच घरांत शेवटी ते मोरीत जातं. गरम असतं तोवर पाण्यासारखं वाहतं, पण जमिनीखालच्या गार नळात पोचलं की थिजतं आणि भिंतीला चिकटतं. त्यावर पुढचा थर, त्यावर आणखी एक. एके दिवशी रस्त्यावरचं झाकण उचकटून गटार वर येतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हॉटेलं, खानावळी हजारोंनी आहेत. तिथल्या महापालिकेला अशा तुंबलेल्या नळांपायी दरवर्षी लाखो डॉलर खर्चावे लागत. त्याच महापालिकेच्या दारात डिझेलवर चालणारी सुमारे 1,500 वाहनं होती: बस, अग्निशमन बंब, रुग्णवाहिका, रस्ते झाडणाऱ्या गाड्या. म्हणजे एक खातं स्निग्ध पदार्थ काढून टाकण्यासाठी पैसे मोजत होतं आणि दुसरी खाती स्निग्ध पदार्थाचाच जवळचा नातलग टाकीत भरण्यासाठी पैसे मोजत होती.

नातलग हा शब्द मी विचार करून वापरला आहे. तेलाचा एक रेणू डोळ्यांसमोर आणा. तो त्रिशूळासारखा असतो. तीन लांब पाती, आणि त्यांना एका टोकाला धरून ठेवणारी छोटी मूठ. प्रत्येक पातं म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी, बहुतेक वेळा 16 किंवा 18 अणूंची. आता डिझेलमध्ये पाहा. तिथेही कार्बनच्या साखळ्याच, साधारण तेवढ्याच लांबीच्या! एक साखळी शेंगदाण्यानं किंवा सोयाबीननं गेल्या हंगामातल्या उन्हात विणली, दुसरी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून तयार झाली. दोन्हींत साठलंय ते ऊनच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्याकडे बघत राहिलो होतो.

अडतं ते त्या मुठीपाशी. तीन पाती एकत्र बांधलेली असल्यामुळे खाद्यतेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असतं. इंजिनात त्याचा बारीक फवारा नीट उडत नाही आणि जळताना काजळी धरते. मग करायचं काय, तर मूठ सोडवायची. तेल गाळून, तापवून त्यातलं पाणी उडवायचं. मिथेनॉलमध्ये थोडा कास्टिक सोडा विरघळवून ते मिश्रण तेलात घालायचं आणि साठ अंशांच्या आसपास ढवळत राहायचं. पाती एकेक करून मुठीपासून सुटतात आणि मिथेनॉलला जाऊन चिकटतात. ढवळणं थांबवलं की तळाशी जड, तपकिरी ग्लिसरीन बसतं. हीच ती मूठ. वर तरंगतं ते बायोडिझेल. साधारण 100 किलो तेलाला 11 किलो मिथेनॉल लागतं आणि हाती जवळजवळ 100 किलो इंधन येतं.

तळणीच्या तेलात एक खोच आहे. बटाट्यातलं पाणी गरम तेलात सुटतं तेव्हा काही पाती आधीच तुटून मोकळी झालेली असतात. अशा तेलात कास्टिक घातलं की इंधनाऐवजी साबण होऊ लागतो. म्हणून प्रत्येक घाण्याआधी तेलाची आम्लता तपासावी लागते.

ही कल्पना आजची नाही. 1900 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. 1937 मध्ये बेल्जियममध्ये मूठ सोडवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं गेलं आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स ते लुव्हाँ या मार्गावर पाम तेलापासून केलेल्या इंधनावर प्रवासी बस धावली.

सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी 2006 मध्ये आदेश काढला: 2007 संपायच्या आत सगळी डिझेल वाहनं 'बी20'वर आणा. बी20 म्हणजे 20 टक्के बायोडिझेल आणि 80 टक्के साधं डिझेल. इंजिन बदलायचं नाही, फक्त टाकीतलं इंधन बदलायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण बायोडिझेल हा उत्तम सफाईवालाही आहे. वर्षानुवर्षं टाकीत आणि नळ्यांत बसलेला डिझेलचा गाळ ते धुऊन काढतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदलावे लागतात. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या ते मऊ करतं, फार थंडीत गोठू लागतं. सॅन फ्रान्सिस्कोची हवा सौम्य, म्हणून निदान थंडीचा जाच तिथे नव्हता. नोव्हेंबर 2007 मध्ये, मुदतीच्या आधीच, काम पुरं झालं.

फायदा मोजता येण्याजोगा आहे. बायोडिझेलच्या वजनात सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जास्त पुरतं जळतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या 2002 च्या अभ्यासानुसार बी20मुळे धुरातले सूक्ष्म कण सुमारे 10 टक्क्यांनी घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र दोनेक टक्क्यांनी वाढतात, हेही सांगायला हवं.

सुरुवातीचं इंधन मुख्यतः सोयाबीनच्या ताज्या तेलाचं होतं, आणि ते मला पटत नाही. माणसाच्या ताटातलं तेल बसला पाजायला जमीन पुरणार नाही. खरी सुंदर गोष्ट त्याच नोव्हेंबरात सुरू झाली. 'एसएफ ग्रीसायकल' या योजनेत पालिकेच्या गाड्या हॉटेलांच्या मागच्या दारी जाऊन वापरलेलं तेल फुकट उचलू लागल्या. बायोडिझेल करणाऱ्यांच्या हाती ते पोचू लागलं आणि तेवढं तेल गटारात जायचं वाचलं.

2015 मध्ये शहरानं पुढची पायरी चढायचं ठरवलं. तेल आणि चरबीवर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजनच काढून टाकला की जे उरतं ते थेट डिझेलसारखं असतं. त्याला 20 टक्क्यांची मर्यादा नाही आणि रबराची भीतीही नाही.

आपल्याकडेही 2018 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे: तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तळणीला वापरायचं नाही. असं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची 'रुको' योजनाही आहे. या दिवाळीत कढईतलं तेल गार झालं की गाळून बाटलीत भरा, आणि ते घेणारं कोणी आपल्या शहरात आहे का याची पालिकेत चौकशी करा. तोवर मोरीत मात्र ओतू नका.