फेब्रुवारीतला फुटबॉल

1969 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने एका तरुणाला तासाला 2 डॉलर पगारावर कामाला ठेवलं. बॉइड एप्ली त्याचं नाव. गडी मूळचा पोल व्हॉल्टवाला. पाठ दुखावली, उडी थांबली, तेव्हा लिंकन शहरातल्या विद्यापीठाच्या लहानशा व्यायामखोलीत तो वजनं उचलायचा. दुखापत झालेले फुटबॉलपटूही तिथे यायचे, त्याचं बघून लोखंडाला हात घालायचे आणि मैदानावर परतायचे ते आधीपेक्षा दणकट होऊन. टॉम ऑस्बर्न या सहायक प्रशिक्षकाच्या नजरेतून हे सुटलं नाही. मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांना मात्र शंका होती. वजनं उचलली की अंग आखडतं आणि माणूस मंद होतो, अशी त्या काळच्या बहुतेक प्रशिक्षकांची पक्की समजूत होती. ऑस्बर्न यांच्या शब्दाखातर डेव्हनी तयार झाले, पण एका अटीवर. एक जरी खेळाडू मंद झाला, तर एप्लीची नोकरी गेली.

एप्लींनी हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला आहे. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधले पहिले पगारी स्ट्रेंथ कोच म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, तेव्हा डेव्हनींची ती धमकी ही या व्यवसायाची पहिली कसोटी म्हणायला हरकत नाही. आज करोडो डॉलरच्या वेट रूममध्ये ज्या कसोट्या लावल्या जातात, त्यांतल्या निम्म्यांपेक्षा मला ती सरस वाटते. तिच्यात खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःशीच होती, आणि तीही खेळाला लागणाऱ्या गोष्टीत.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 1967 आणि 1968 या दोन्ही हंगामांत नेब्रास्काने सहा सामने जिंकले होते, चार हरले होते. 1970 आणि 1971 मध्ये तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला. वजनांनी जादू केली, असं देशभरातल्या प्रशिक्षकांनी ठरवून टाकलं. पण त्याच काळात ऑस्बर्न यांनी आक्रमणाची सारी मांडणी बदलली होती आणि जॉनी रॉजर्ससारखा खेळाडू संघात आला होता. यशाचं माप कुणाच्या पदरात किती घालायचं? हा प्रश्न तेव्हाही कुणी नीट विचारला नाही, आजही फारसा कुणी विचारत नाही.

हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून खेळायचा खेळ. त्यातली एकेक झटापट सरासरी पाच-सहा सेकंदांत संपते, मग पुढची सुरू करायला 40 सेकंदांपर्यंत अवधी मिळतो. मधल्या फळीतले खेळाडू 135-140 किलोंचे असतात आणि एका झटापटीत चार-पाच यार्डांपलीकडे क्वचितच जातात. कडेचे खेळाडू 85-90 किलोंचे, पण तेवढ्याच वेळात 40 यार्ड पळतात. नियमित सामने साधारण बारा, सप्टेंबर ते नोव्हेंबर. उरलेल्या वर्षातला मोठा भाग मुख्य प्रशिक्षकाला खेळाडूंचा सराव घेताच येत नाही. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने हंगामाबाहेर आठवड्याला आठ तासांची मर्यादा घातली आहे, आणि त्या तासांतला बराच वाटा स्ट्रेंथ कोचच्या ताब्यात असतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या काळोख्या पहाटे साडेपाच-सहाला दार उघडून पोरांना आत घेणारा माणूस तोच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला वर्षभरात मुख्य प्रशिक्षकापेक्षा हाच जास्त वेळा भेटतो.

त्याच्या कामाचा निकाल कसा लावायचा? सगळ्यात सोपं उत्तर भिंतीवर टांगलेलं असतं. जवळपास प्रत्येक वेट रूममध्ये विक्रमांची पाटी असते. स्क्वॉट, बेंच प्रेस, पॉवर क्लीन, आणि त्यांच्यापुढे नावं नि आकडे. पाहुण्यांना ती दाखवतात, नवे खेळाडू मिळवायलाही ती कामाला येते. पण स्क्वॉटचा आकडा मांडी किती खाली गेली यावर अवलंबून असतो. चार इंच वर थांबलं की बारवर 30-40 किलो सहज वाढतात, आणि बेंच प्रेसला मागे उभा राहिलेला मित्र बोटं लावतोच. 40 यार्डांची धाव स्टॉपवॉच हातात धरून मोजली, तर विजेवरच्या यंत्रापेक्षा वेळ दोन दशांश सेकंदांच्या आसपास कमी येते, आणि या धावेत दोन दशांशात खेळाडूची किंमत बदलते. व्यावसायिक लीगच्या निवड चाचणीत 225 पौंड, म्हणजे सुमारे 102 किलो, छातीवरून जितक्या वेळा ढकलता येईल तितक्या वेळा ढकलायचे असतात. ज्याने ते तीस वेळा ढकलले, त्याने मुख्यतः दम दाखवला. त्याचं कमाल बळ किती आणि ते किती झपाट्याने लागू होतं, हे त्यातून नीट कळत नाही. 2017 पासून भारतीय क्रिकेटमध्ये यो-यो चाचणीवरून जो वाद रंगला, त्याच्या मुळाशी हाच पेच होता. चाचणी पास झालेला माणूस खेळतो चांगला का, आणि नापास झालेला खरंच कमी पडतो का?

याहून मोठी फसगत वयाची आहे. अठराव्या वर्षी आलेला मुलगा दिवसाला पाच वेळा पोटभर खाऊन, पुरेसं झोपून बाविसाव्या वर्षी जाडजूड होणारच. कार्यक्रम सुमार असला तरी होणार. मोठी विद्यापीठं तर मुळातच देशातली सर्वोत्तम पोरं उचलतात आणि मग त्यांच्या उड्यांचे व्हिडिओ दाखवून आमचा कार्यक्रम बघा म्हणतात. म्हणून मला पहिली बाकं सोडून मागच्या बाकांवर बघावंसं वाटतं. शिष्यवृत्तीशिवाय आलेला, कुणी ढुंकून न पाहिलेला मुलगा तीन वर्षांत पहिल्या दहा यार्डांत किती सुधारला? वजन दहा किलोंनी वाढूनही त्याची उभी उडी तेवढीच राहिली का? एप्ली सुरुवातीपासून उडी, छोटी धाव आणि वळणाची चपळाई मोजून नोंदी ठेवत, त्यामागे हाच विचार होता. आता जमिनीवर किती जोराने पाय मारला हे सांगणाऱ्या फोर्स प्लेट आहेत, बारचा वेग मोजणारी यंत्रं आहेत, अंगरख्यात जीपीएस आहे. साधनं वाढली, प्रश्न तोच आहे.

चषकांवरून निकाल लावायचा तर अलाबामा विद्यापीठाकडे बघा. निक सेबन यांच्या हाताखाली 2007 पासून स्कॉट कॉक्रन हे स्ट्रेंथ कोच होते. घसा बसेपर्यंत ओरडणं आणि सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात तुटून पडणारे खेळाडू ही त्यांची ओळख. त्यांच्या काळात संघाने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 2020 च्या सुरुवातीला ते जॉर्जियाला गेले आणि त्यांच्या जागी इंडियानाहून डेव्हिड बालू आणि मॅट रे आले. यांचा भर वेगावर आणि मोजमापावर. त्याच हंगामात अलाबामाने तेराच्या तेरा सामने जिंकून पुन्हा विजेतेपद पटकावलं. मग कोणती पद्धत बरोबर? चषकांना विचारलं तर दोन्ही. म्हणजे चषक या प्रश्नावर काहीच बोलत नाहीत.

नेब्रास्काची नंतरची कथाही तेच सांगते. 1993 ते 1997 या पाच हंगामांत तिथे 60 विजय आणि फक्त 3 पराभव. 1999 नंतर मात्र त्यांना आपल्या गटाचं विजेतेपदही मिळालेलं नाही. लिंकनमधलं लोखंड कमी झालं म्हणून हे झालं नाही. 1978 मध्ये एप्लींनीच पुढाकार घेऊन 76 स्ट्रेंथ कोचना लिंकनमध्ये जमवलं आणि त्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. 1985 पासून ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्रं देऊ लागली. आपली विद्या त्यांनी वाटून टाकली आणि इतरांनी ती उचलली. आघाडी पुसली जाणारच होती.

दुखापतींचा हिशेब जरा बरा, पण तोही जपून करावा लागतो. कुणी अंगावर पडून गुडघा मोडला तर स्ट्रेंथ कोचला दोष देता येत नाही. पळता पळता कुणी हात न लावता मांडीमागचा हॅमस्ट्रिंग फाटला, तर मात्र जाब विचारायला हवा. त्यातही एका हंगामात अशा आठ दुखापती आणि पुढच्या हंगामात पाच, यावरून ढोल वाजवण्यात अर्थ नाही. एवढ्या थोड्या आकड्यांत योगायोगाचाच हात मोठा असतो. चार-पाच वर्षांच्या नोंदी सलग असतील, तर काही बोलता येतं.

आणि मग येतो घाम. कुणी उलटी केली, कुणी कोसळलं, म्हणजे कार्यक्रम कडक, ही समजूत या खेळात फार जुनी आहे. 1954 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी संघाला जंक्शन नावाच्या गावी नेलं आणि भर उन्हाळी दुष्काळात, पाणी न देता, दहा दिवस रगडलं. बहुसंख्य खेळाडू पळून गेले, एक उष्माघाताने मरता मरता वाचला. यावर पुस्तक आलं, चित्रपट आला, पौरुषाची दंतकथा झाली. दंतकथेत त्या हंगामाचा निकाल सहसा येत नाही. त्या वर्षी संघाने एक सामना जिंकला आणि नऊ हरले. 1956 मध्ये ब्रायंट यांचा संघ अपराजित राहिला, पण जंक्शनहून तगून आलेले त्यात मोजकेच होते.

दंतकथा फुकट जात नाहीत, त्यांची उधारी पुढची पोरं फेडतात. जानेवारी 2011 मध्ये आयोवा विद्यापीठाचे खेळाडू सुट्टीहून परतले आणि त्यांना आपल्या कमाल वजनाच्या निम्म्या वजनाने शंभर स्क्वॉट मारायला लावले गेले. वर घड्याळ लावलेलं, कोण लवकर संपवतो ते बघायला. महिनाभर गावी राहून आलेल्या पोराला कोल्हापूरच्या तालमीतला जाणता वस्ताद पहिल्याच दिवशी बैठकांचा पुरा आकडा मारायला लावत नाही. चढता हिशेब धरतो. इथे तो कुणी धरला नाही. तेरा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. ऱ्हॅब्डोमायोलिसिस या विकारात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं, लघवी काळपट होते. सुदैवाने सगळे वाचले. आश्चर्य पुढेच आहे. काही महिन्यांतच मुख्य प्रशिक्षकांनी संघातल्या सर्वोत्तम सहायकाचा पुरस्कार दिला तो स्ट्रेंथ कोच ख्रिस डॉइल यांना.

मेरीलँड विद्यापीठात नशीबही आडवं आलं. 29 मे 2018 रोजी संघाला 110 यार्डांच्या दहा धावा लावल्या गेल्या. जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा, जवळजवळ 147 किलोंचा, मधल्या फळीतला खेळाडू. सामन्यात ज्याला सलग दहा यार्डही क्वचित पळावं लागतं, त्याच्यासाठी ही चाचणी नेमकं काय मोजत होती? उष्माघाताची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्णवाहिका बोलवायला सुमारे तास गेला, आणि त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवलंच गेलं नाही. उष्माघातात आधी शरीर थंड करायचं, मग रुग्णालय गाठायचं, हा नियम या क्षेत्रात सर्वांना पाठ असतो. 13 जूनला तो गेला. चौकशीत स्ट्रेंथ कोच रिक कोर्ट यांच्या वागण्यावर ताशेरे आले, त्यांच्यावर नेमकी देखरेख कुणाची याचा मात्र धड पत्ता लागेना.

ओक्लाहोमा विद्यापीठाचे वैद्यकीय प्रशिक्षक स्कॉट अँडरसन यांनी 2000 ते 2016 या काळातले एनसीएए फुटबॉलमधले मृत्यू मोजले. एकूण 33. त्यांतले 6 आघाताने, म्हणजे टकरीत. उरलेले 27 टकरीविना, उष्माघात, हृदयविकार, सिकल सेल अशा कारणांनी, आणि त्यातले बहुतेक हंगामाबाहेरच्या व्यायामात. मैदानावरच्या धडकेपेक्षा तिच्या तयारीत जास्त मुलं गेली. हा आकडा समोर असताना एखाद्या कार्यक्रमाला कडक म्हणून गौरवणं मला जमत नाही. विक्रमांच्या पाटीआधी मी सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्याचं लेखी वेळापत्रक मागेन. ते जाडजूड आणि सडपातळ खेळाडूंसाठी वेगळं आहे का, बर्फाचं टाकं मैदानाशेजारी भरून ठेवलंय का, आणि शिट्टी वाजत असतानाही 'थांबा' म्हणण्याची ताकद कुणात आहे, हे बघेन.

कागदावर ती ताकद वैद्यकीय पथकाला आहे. मोठ्या संघांच्या गटांनी 2016 मध्येच तसा नियम केला, म्हणजे मॅकनेअरच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी. 2019 मध्ये एनसीएएने शिफारशी काढल्या. व्यायाम शिक्षा म्हणून वापरू नये, योजना लेखी असावी, स्ट्रेंथ कोचची जबाबदारी वैद्यकीय किंवा क्रीडाविज्ञान विभागाशी जोडलेली असावी. पण बहुतेक ठिकाणी त्याला निवडतो मुख्य प्रशिक्षकच आणि शाबासकी देतोही तोच. आयोवाचे डॉइल 2020 पर्यंत वर्षाला 8 लाख डॉलर घेणारे देशातले सर्वांत महागडे स्ट्रेंथ कोच झाले होते. फारशी मागणी नसलेली पोरं घेऊन ते व्यावसायिक लीगचे खेळाडू घडवतात, असा त्यांचा लौकिक होता आणि तो निराधारही नव्हता. मग कृष्णवर्णीय माजी खेळाडूंनी त्यांच्या वागणुकीबद्दल उघड तक्रारी केल्या. डॉइल यांनी गैरवर्तनाचा इन्कार केला. विद्यापीठाने 11 लाख डॉलर देऊन त्यांना निरोप दिला.

मुख्य प्रशिक्षक हटला की स्ट्रेंथ कोचही बहुधा त्याच आठवड्यात जातो. नवा येतो, भिंती रंगवतो, पाटी उतरवतो, चाचण्या बदलतो आणि आकडे शून्यापासून मांडतो. चार वर्षं तिथे काढणाऱ्या मुलाला अशा वेळी दोन, क्वचित तीन कार्यक्रम पाहायला लागतात, आणि पहिल्याच्या नोंदी तिसऱ्याच्या टेबलावर पोचलेल्या नसतात.