संगणकाचे कॅबिनेट रंगवताना अर्थिंगची काळजी आवश्यक

वाराणसी : धातूवर चढवलेला रंग टिकतो तो खालच्या थरामुळे. येथील भौगोलिक मानांकनप्राप्त गुलाबी मीनाकारीत आधी पांढऱ्या मीन्याचा थर भट्टीत पक्का केला जातो आणि नंतर त्यावर गुलाबी छटा रेखल्या जातात. घरच्या संगणकाचे पोलादी कॅबिनेट रंगवतानाही हेच तत्त्व लागू पडते. येथे खालच्या थराचे काम प्रायमर करतो.

प्रथम वीजजोडणी काढून आतील सर्व भाग बाहेर काढावेत. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये. पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून प्रायमर द्यावा. त्यावर स्प्रेचे दोन-तीन पातळ थर पुरेसे असतात. जाड थर ओघळतो. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते. रंगाची वाफ ज्वलनशील असल्याने काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे.

सर्वांत महत्त्वाची बाब अर्थिंगची. रंग वीजरोधक असतो. पॉवर सप्लाय व मदरबोर्डचे स्क्रू जेथे टेकतात तेथे रंग बसल्यास कॅबिनेटचे अर्थिंग तुटू शकते आणि बिघाडाच्या वेळी विजेचा धक्का बसण्याचा धोका राहतो. म्हणून त्या जागा आधीच चिकटपट्टीने झाकाव्यात. हवेच्या जाळ्याही मोकळ्या ठेवाव्यात.